फिल्म बनवता येते, पण देता येते का?

स्वतंत्र फिल्म आणि टीव्हीमध्ये करिअर कसं करायचं, याची चर्चा बहुतेकदा कॅमेऱ्यापासून सुरू होते आणि जिद्दीपाशी संपते. मधल्या रस्त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. हा रस्ता म्हणजे हातातून हातात जाणारं काम. सेटवरचं फुटेज एडिटरकडे, एडिट साउंडकडे आणि ग्रेडिंगकडे (रंग जुळवायला), तयार फिल्म फेस्टिव्हलकडे, हक्कांचे कागद विकत घेणाऱ्याकडे. मोठ्या निर्मितीत प्रत्येक दोन टप्प्यांच्या मध्ये माल तपासून घेणारं कुणीतरी बसलेलं असतं. स्वतंत्र कामात ती खुर्ची रिकामी असते. त्यामुळे ज्याने दिलेलं काम पुढच्या माणसाला एकही फोन न करता उघडता येतं, त्याचं नाव पुढच्या कामाच्या वेळी आधी निघतं. प्रतिभेची पारख त्यानंतर होते.

सुरुवात दिग्दर्शनाने करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण नवख्या दिग्दर्शकाला पर डेवर, म्हणजे दिवसाच्या मानधनावर, कोणी बोलावत नाही. बोलावतात ते बूम (लांब काठीवरचा माइक) धरायला, कार्ड उतरवायला, कंटिन्युइटी (कुठल्या शॉटमध्ये काय कसं होतं याची नोंद) लिहायला, एडिटरच्या हाताखाली चित्र-आवाज सिंक करायला, एडीच्या, म्हणजे असिस्टंट डायरेक्टरच्या, टीममध्ये धावायला. कॅमेऱ्याकडे गर्दी असते आणि साउंडकडे माणसांची वानवा, हे जवळजवळ सगळीकडचं चित्र आहे. त्यामुळे बूम नीट धरता येणाऱ्याचे महिने कॅमेरा असिस्टंटच्या आधी भरतात. दिग्दर्शक व्हायचं असेल तर आमच्या मते सगळ्यात चांगली शाळा असिस्टंट एडिटरची. दहा जणांच्या चुका एकाच टाइमलाइनवर दिसतात: कुठला शॉट घ्यायचा राहिला, कुठे नजरेची दिशा उलटी पडली, कुठे 'कट' दोन सेकंद लवकर म्हटलं गेलं.

आता शेड्यूल. स्वतंत्र फिल्मचा पहिला घात इथेच होतो. पटकथेचं पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा ठोकताळा सगळ्यांना माहीत असतो. ब्रेकडाउन, म्हणजे पटकथेची सीनवार फोड, करताना एडी प्रत्येक पानाचे आठ भाग करतो आणि सीनची लांबी 'दोन पानं तीन अष्टमांश' अशी लिहितो. दिवसाला साडेचार पानं धरली तर ९६ पानांच्या पटकथेला सुमारे २१ दिवस लागतात. इथपर्यंत ठीक. पण 'जमाव गेट तोडून आत घुसतो' हे वाक्य कागदावर एक अष्टमांश असतं आणि शूटला अख्खा दिवस खातं. म्हणून पानांपेक्षा सेटअप, म्हणजे कॅमेरा आणि लाइटची एकेक मांडणी, मोजा.

बारा तासांचा दिवस घ्या. जेवणाचा एक तास गेला. पहिला शॉट लागेपर्यंत दीड तास गेला. पॅकअपचा अर्धा तास गेला. उरले नऊ तास, म्हणजे ५४० मिनिटं. छोट्या टीमला लाइट हलवून, रिहर्सल करून, तीन-चार टेक घेऊन एका सेटअपला सरासरी २५ मिनिटं लागतात. म्हणजे दिवसाला एकवीस सेटअप. मधे एकदा लोकेशन बदललं की सामान गुंडाळणं, प्रवास आणि पुन्हा मांडणं यात दोन तास सहज जातात, म्हणजे पाच सेटअप गेले. शॉट डिव्हिजन, म्हणजे सीनची शॉटमध्ये विभागणी, या आकड्यासमोर ठेवून करायची. बेचाळीस शॉटची यादी घेऊन सेटवर गेलात तर दुपारी चारनंतर निम्मी यादी घाईत छाटावी लागते, आणि घाईत छाटले जातात ते नेमके क्लोज-अप. एडिटमध्ये सीन वाचवणारी तीच गोष्ट असते.

यावर स्वस्तातला उपाय एकच, शूटच्या आधीची रिहर्सल. क्रिस्टोफर नोलनची पहिली फिल्म 'फॉलोइंग' (१९९८) जवळजवळ वर्षभर सुट्टीच्या दिवशी शूट झाली. सीन इतके घोटून घेतलेले असत की बहुतेक एक-दोन टेकमध्ये काम व्हायचं, कारण १६ एमएम फिल्मचा खर्च परवडणारा नव्हता. कार्डावर शूट करताना टेक फुकट वाटतात, पण दिवसाचे तास तेवढेच असतात.

शूटच्या आधी आणखी एक गोष्ट करायची, आणि ती जवळजवळ कोणी करत नाही. ज्या कॅमेऱ्यावर, ज्या रेकॉर्डरवर, ज्या सेटिंगवर शूट होणार आहे त्यावर दोन मिनिटांचं काहीही शूट करा. ते सिंक करा, कापा, ग्रेडिंगला पाठवा, साउंडला पाठवा, शेवटची फाइल काढून मोठ्या पडद्यावर बघा. या दोन मिनिटांत पुढचे दोन महिने वाचतात.

या चाचणीत बहुतेक वेळा सापडते ती फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याची, गडबड. कॅमेरा २३.९७६ वर, आणि एडिटच्या प्रोजेक्टमध्ये तेच फुटेज २४ म्हणून वाचलं गेलं, तर चित्र ०.१ टक्क्याने पळतं. एका मिनिटाला दीड फ्रेमसुद्धा नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दहा मिनिटांचा अखंड टेक असेल तर ओठ आणि आवाज यात अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर पडलेलं असतं, आणि तासाभरात ३.६ सेकंदांचं. मोबाइलवर शूट करणाऱ्यांची अडचण वेगळी. फोनचं मूळ कॅमेरा ॲप बरेचदा फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की तो बदलतो. अशा क्लिपला वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला बसतो आणि शेवटी सुटतो. फ्रेम रेट आणि शटर बांधून ठेवता येईल असं ॲप घ्या, नाहीतर एडिटच्या आधी सगळं फुटेज स्थिर फ्रेम रेटमध्ये फिरवून घ्या.

दुसरी भानगड लाइटच्या फ्लिकरची. वीज ५० हर्ट्झची असेल आणि तुम्ही २४ वर शूट करत असाल, तर १८० अंशांच्या शटरवर, म्हणजे १/४८ सेकंदाच्या एक्सपोजरवर, काही ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लुकलुकतात. शटर १७२.८ अंशांवर नेलं की एक्सपोजर बरोबर १/५० सेकंद होतं आणि प्रश्न मिटतो. ६० हर्ट्झ असेल तर १४४ अंश, म्हणजे १/६०. मॉनिटर लहान असला की हे सेटवर दिसत नाही, ग्रेडिंगमध्ये दिसतं. आणि तिथे ते काढणं म्हणजे कपाळावर हात मारणं.

सिंक साउंडसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आता ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आले आहेत. त्यांच्यामुळे लेव्हल चुकली तरी सावरता येते, पण दूर धरलेला माइक जवळ येत नाही आणि माइकमध्येच फाटलेला आवाज शिवता येत नाही. बूम फ्रेमच्या कडेला जितका जवळ आणता येईल तितका आणायचा, आणि लेपल माइक (कपड्याला लावायचा) आधाराला. प्रत्येक लोकेशनवर सगळी माणसं जागेवर असताना, लाइट चालू ठेवून, त्याच माइकने ३० सेकंद ते एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. तिला रूम टोन म्हणतात. एडिटमध्ये संवादाच्या फटी बुजवायला दुसरं काहीच चालत नाही. माणसं निघून गेल्यावर घेतलेला रूम टोन जुळत नाही, कारण रिकामी खोली वेगळी वाजते. फ्रिज बंद करायचा असेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती. किल्लीशिवाय निघता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरत नाही.

शॉटच्या सुरुवातीला क्लॅप (चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी पाटी आपटणं) दिला नाही तर शेवटी द्या, पाटी उलटी धरून. म्हणजे एडिटरला कळतं की हा एंड क्लॅप आहे. आवाजाशिवाय घेतलेल्या शॉटला पाटीवर तसं लिहा, नाहीतर असिस्टंट अर्धा दिवस नसलेली फाइल शोधत बसतो.

कार्डचं गणित आधीच करून ठेवावं. यूएचडी, २४ फ्रेम, प्रोरेझ ४२२ एचक्यू या सेटिंगवर तासाला सुमारे ३१८ जीबी लागतात. दिवसाला दोन तास फुटेज म्हटलं तर साधारण ६४० जीबी. तीन प्रती ठेवायच्या तर रोज जवळजवळ १.९ टीबी, आणि वीस दिवसांत ३८ टीबी. सेकंदाला १५० एमबी लिहिणाऱ्या साध्या डिस्कवर दिवसाची एक प्रत काढायला सव्वा तासाच्या आसपास जातो. चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे ताडणारा आकडा) लावून पडताळणी केली की तेवढाच वेळ पुन्हा. हा वेळ कॉल शीटमध्ये, म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकात, कोणी धरत नाही. म्हणून रात्री अकराला डोळे चोळत कुणीतरी फाइल नुसत्या ओढून टाकतं, प्रत अर्धवट होते, आणि सकाळी तेच कार्ड फॉरमॅट होतं. नियम असा: निदान दोन पडताळलेल्या प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असल्याशिवाय कार्डला हात लावायचा नाही. तिसरी प्रत त्याच गाडीत, त्याच बॅगेत घरी न्यायची नाही. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यात करायचं, लॅपटॉपवर नाही.

आता एडिटमधून बाहेर पडतानाचा टप्पा. घोडं सर्वांत जास्त इथे पेंड खातं.

'पिक्चर लॉक' म्हणजे एक फ्रेमही हलणार नाही. लॉकनंतर दिग्दर्शकाला एक शॉट सहा फ्रेमने लांब वाटला आणि तो छाटला, की त्या जागेच्या पुढचं सगळं संगीत, सगळी फोली (स्टुडिओत नव्याने केलेले पावलांसारखे आवाज), सगळे इफेक्ट सहा फ्रेमने सरकतात. साउंडवाल्याला प्रत्येक ट्रॅक हलवावा लागतो. बदल टाळताच येत नसेल तर निदान बदलांची यादी द्या: अमुक टाइमकोडला (फ्रेमच्या वेळेचा आकडा) इतक्या फ्रेम काढल्या, तमुक ठिकाणी इतक्या घातल्या. नुसतं 'नवीन लॉक' नावाचं फोल्डर पाठवणं हा पुढच्या माणसाचा अपमान आहे.

साउंडला द्यायच्या गोष्टी: एएएफ फाइल (एडिटमधले आवाजाचे तुकडे साउंडकडे नेणारी), तिच्यात प्रत्येक क्लिपला दोन्ही बाजूंनी काही सेकंदांचं हँडल, म्हणजे कटबाहेरचा जादा आवाज, टाइमकोड छापलेला संदर्भ व्हिडिओ, आणि फील्ड रेकॉर्डरच्या मूळ फाइल, नावं न बदलता. नावं बदलली की मेटाडेटाशी असलेलं नातं तुटतं आणि लेपलचा वेगळा ट्रॅक हवा झाला तर तो सापडत नाही. पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप हवा. रीलचा, म्हणजे फिल्मच्या एका भागाचा, टाइमकोड एक तासावर सुरू होत असेल तर तो ५९ मिनिटं ५८ सेकंदांवर येतो. मिक्स परत आल्यावर हा एक बीप चित्राशी जुळला की सुरुवात जुळली. शेवटीही एक ठेवला तर वाटेतली घसरण पकडता येते. फीचर असेल तर वीस-वीस मिनिटांच्या रीलमध्ये तोडून द्या.

ग्रेडिंगला एक्सएमएल किंवा ईडीएल, म्हणजे कटची यादी असलेली फाइल, जाते. तिच्यातून कट जातात, पण एडिट सॉफ्टवेअरमधलं स्टॅबिलायझेशन, गुंतागुंतीचे स्पीड रॅम्प (शॉटचा वेग मधेच बदलणं), एकात एक घातलेल्या टाइमलाइन आणि प्लगइन बहुतेक वेळा जात नाहीत. त्यामुळे सात व्हिडिओ ट्रॅकवर पसरलेलं एडिट आधी एका ट्रॅकवर आणायचं, असे शॉट वेगळे काढायचे आणि त्यांची यादी जोडायची.

मिक्समध्ये विचारायचा पहिला प्रश्न: हे कुठे वाजणार आहे? युरोपातल्या प्रसारणाचं प्रमाण उणे २३ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक). नेटफ्लिक्स संवादावर मोजून उणे २७ मागतं, दोन युनिट वर-खाली चालतं. थिएटरसाठी केलेला मिक्स तसाच टीव्हीवर लावला तर कुजबुज ऐकू येत नाही आणि दार आपटलं की शेजारी जागे होतात. म्हणून थिएटरचा आणि टीव्हीचा मिक्स वेगळा, आणि त्याच बैठकीत एम अँड ई, म्हणजे संवाद वगळून फक्त संगीत आणि इफेक्टचा ट्रॅक. दुसऱ्या भाषेत डब करणाऱ्याला हाच लागतो. सिंक साउंडच्या फिल्ममध्ये संवाद काढला की त्याच्याखालचे पावलांचे, कपांचे, दारांचे आवाजही जातात, ते फोलीने भरावे लागतात. सेशन उघडं असताना हे एक-दोन दिवसांचं काम आहे. दोन वर्षांनी प्लगइन बदललेले, डिस्क हरवलेली, मिक्सर दुसऱ्या कामावर. अक्षरांशिवायची प्रतही, म्हणजे पाट्या नसलेले शॉट, तेव्हाच काढून ठेवा.

कमी बजेटच्या दंतकथांमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो. रॉबर्ट रॉड्रिगेझची 'एल मारियाची' (१९९२) सात हजार डॉलरमध्ये झाली, हे सगळ्यांना पाठ आहे. कॅमेरा खडखडत असल्यामुळे तो टेकनंतर आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा आणि मग एडिटमध्ये बसवायचा. पण थिएटरमध्ये लावता यावी म्हणून नंतर स्टुडिओने साउंड आणि प्रिंटवर त्याच्या कित्येक पट खर्च केला. सात हजारांत फिल्म शूट झाली होती, थिएटरला देण्याजोगी झाली नव्हती.

कागदांविषयी थोडक्यात, कारण मुद्दा सोपा आहे आणि तरी चुकतो. कथा लिहिणारा मित्र असला तरी लेखी करार हवा, हक्क कोणाकडे आणि किती काळ हे स्पष्ट हवं. कलाकार, लोकेशन, संगीतकार, सगळ्यांच्या सह्या शूटच्या आधी घ्या. विकत घेणारा या सगळ्या कागदांची साखळी मागतो आणि एक कडी नसेल तर व्यवहार थांबतो. तयार गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात, एक रचनेची आणि एक त्या विशिष्ट रेकॉर्डिंगची. पात्राने सहज गुणगुणलेल्या गाण्यालाही रचनेची लागते. फक्त फेस्टिव्हलपुरता परवाना स्वस्त मिळतो म्हणून घेतला, तर फिल्म विकली जाताना तेच गाणं पुन्हा विकत घ्यावं लागतं, आणि तेव्हा समोरच्याला तुमची गरज माहीत असते. मागच्या भिंतीवरचं पेंटिंग आणि कोपऱ्यात चालू असलेला टीव्ही रेकीच्या, म्हणजे लोकेशन आधी बघायला जाण्याच्या, वेळीच बघून घ्या.

फेस्टिव्हलला लांबीचं बंधन वेगवेगळं असतं. कानच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत श्रेयनामावलीसकट १५ मिनिटं, ऑस्करच्या शॉर्ट विभागात ४० मिनिटं. पण बंधन म्हणजे सल्ला नव्हे. ९० मिनिटांचा कार्यक्रम लावणाऱ्याला दहा मिनिटांची फिल्म कुठेही बसवता येते, अठ्ठावीस मिनिटांच्या फिल्मसाठी त्याला दुसऱ्या दोघांना नाही म्हणावं लागतं. प्रीमियरचा क्रमही आधी ठरवा. छोट्या फेस्टिव्हलला घाईने जागतिक प्रीमियर देऊन टाकला की काही मोठी दारं बंद होतात. इंटरनेटवर उघडपणे टाकणं तर अगदी शेवटी.

निवड झाली की डीसीपी, म्हणजे थिएटरमध्ये लावायची डिजिटल प्रत, लागते: टूके फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८०, स्कोप म्हणजे २०४८ बाय ८५८, आवाज २४ बिट. घरी बनवता येते, पण रंग एक्सवायझेडमध्ये (थिएटरच्या रंगपद्धतीत) नीट बदललेत ना हे खऱ्या थिएटरमध्ये लावून बघितल्याशिवाय पाठवू नका. फेस्टिव्हलसाठी एन्क्रिप्शन टाळा. एन्क्रिप्टेड डीसीपीला ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक तारखांची किल्ली लागते, आणि आयत्या वेळी फिल्मची स्क्रीन बदलली की ती किल्ली निरुपयोगी. आणखी एक नेहमी राहणारी गोष्ट म्हणजे स्टिल्स. व्हिडिओतून काढलेली फ्रेम छापायला धूसर पडते. सेटवर एक दिवस तरी फोटोग्राफर ठेवा.

टीव्हीची गोष्ट थोडी निराळी. तिथे मालिकेची सूत्रं लेखक-निर्मात्याकडे असतात आणि एपिसोडचा दिग्दर्शक आधी ठरलेल्या चालीत काम करतो. त्यामुळे चांगली शॉर्ट फिल्म दाखवून लगेच एपिसोड मिळत नाही. तुमच्याकडे नजर आहे हे तिच्यातून कळतं, पण दिवसाला सात पानं, वेळेत, दुसऱ्याच्या शैलीत काढाल का, हे कळत नाही. ते सिद्ध होतं एडी म्हणून, सेकंड युनिट करताना, प्रोमो कापताना. लेखकांनी एक पायलट (पहिला भाग) आणि दहा-बारा पानांचं बायबल (मालिकेचा आराखडा) तयार ठेवावं. बायबलमध्ये पहिल्या भागाचं कौतुक नको, सहाव्या आणि सोळाव्या भागात काय घडतं ते हवं. वाचणारा तेच शोधत असतो.

आणि टीव्हीचं क्यूसी, म्हणजे दर्जाची तपासणी, क्षमा करत नाही. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक लहान मुलांना, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. म्हणून अनेक प्रसारकांकडे फ्लॅशची यांत्रिक चाचणी होते. पत्रकार परिषदेतले कॅमेऱ्यांचे फ्लॅश, डिस्कोचे दिवे, वेल्डिंगच्या ठिणग्या, सगळं त्यात अडकू शकतं. फाइल परत येते, प्रसारण दोन दिवसांवर असतं. असा सीन असेल तर ग्रेडिंगच्या वेळीच चाचणी करून घ्या.

शोरील, म्हणजे तुमच्या कामातले निवडक तुकडे, दीड मिनिटाच्या वर नको. पहिल्या दहा सेकंदांत सर्वांत चांगला शॉट ठेवा आणि प्रत्येक तुकड्यावर तुमचं काम काय होतं ते लिहा. काम मागणाऱ्या मेलमध्ये कुठल्या तारखा मोकळ्या आहेत, कुठल्या उपकरणांवर हात बसला आहे, आधीची तीन कामं कोणती, एवढंच पुरे.

काम संपलं की एका डिस्कवर हे सगळं एकत्र ठेवा: डीसीपी, प्रोरेझ मास्टर, अक्षरांशिवायचा मास्टर, दोन्ही मिक्स, एम अँड ई, सबटायटल फाइल, संवादांची टाइमकोडसकट यादी, संगीताची क्यू शीट (कुठलं संगीत कुठे वाजतं त्याची यादी), करारांचे स्कॅन, स्टिल्स, पोस्टर. दुसरी डिस्क दुसऱ्या घरात. वर्षातून एकदा दोन्ही लावून फाइल उघडतात का ते बघा, कारण कपाटात नुसत्या पडलेल्या डिस्कही मरतात. मागणीचा मेल दोन-तीन वर्षांनीही येतो, आणि त्यात मुदत बहुतेक शुक्रवारपर्यंतची असते.